माझ्या बायकोचे मराठीचे सर

माझी बायको मराठी शिकली ती माझ्याकडून नाही, नाशिकला राहणाऱ्या एका माणसाकडून. तो आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा फोनमध्ये होता, आणि फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. मी दुकान बंद करून आलो, चपला काढल्या, आणि आतून एक पुरुषी आवाज ऐकला. "वा! फार छान. आता पुन्हा एकदा म्हणा." आणि माझी बायको, जिला मी लग्नाआधीपासून ओळखतो, कधी न ऐकलेल्या एका लाजऱ्या आवाजात म्हणाली, "मी बालाघाटला राहते."

वाक्य साधंच होतं. पण ते पहिलं मराठी वाक्य तिने दुसऱ्याच कुणाला तरी ऐकवलं होतं.

आमची ओळख जबलपूरची. कॉलेजात भेटलो, हिंदीत बोललो, हिंदीत भांडलो, दोन्ही घरच्यांना राजी केलं आणि लग्न केलं. ती फार्मसी शिकलेली आहे. इथे एका खासगी दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर सकाळची ड्यूटी करते. माझं वारासिवनी रोडला मोटरपंप आणि पाइपांचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं आणि माझी आई. आईचं माहेर महाराष्ट्रातलं, तुमसरकडचं. बाबा गेल्यापासून ती फारशी बाहेर जात नाही, आणि तिची हिंदी भाजीवाल्यापुरती आहे. मी आणि आई बोलतो ते आमच्या मराठीत, मले-तुलेच्या. उंबरठा ओलांडला की मध्य प्रदेश, सगळी हिंदी. माझी शाळाही हिंदी माध्यमाची होती. म्हणजे माझी मराठी फक्त तोंडातली. कागदावर मी तेव्हा माझ्या आईला दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा धड लिहू शकलो नसतो.

जेवताना आई काहीतरी बोलायची. गल्लीतल्या कुणाची नक्कल, नाहीतर माझ्या लहानपणची एखादी फजिती. मी हसत सुटायचो. बायको ताटावरून मान वर करायची.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं, ऐसे ही।"

सांगायला जावं तर हिंदीत त्या गोष्टीचा जीवच निघून जायचा. म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं. एक दिवस तिने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "मुझे मराठी सिखाओ।"

मी शिकवलं. आठवडाभर तरी शिकवलं असेन. रोज रात्रीच्या जेवणानंतर ती वही घेऊन बसायची, आणि मी पलंगावर आडवा होऊन वाक्यं सांगायचो. तिचे प्रश्न विचित्र असायचे. घर म्हणतात तर 'मी घर जाते' का नाही, 'घरी' का? हिंदीत चाय ठंडी होते, मग तुमचा चहा थंड झाला, तो 'झाला' कसा? "चाय आदमी कब से हो गई?" असं तिने विचारलं तेव्हा मी इतका हसलो की उठून आईला जाऊन सांगितलं. आईही हसली. मी परत आलो तर बायको वही मिटून बसली होती.

"तुमको मराठी आती है," ती म्हणाली, "सिखाना नहीं आता।"

मी म्हणालो, अरे, ऐसा ही होता है, इसमें क्यों-वों कुछ नहीं होता. पुढच्या महिन्यात तिने स्वतःच फोनवर शोधून तो ऑनलाइन क्लास लावला.

क्लास आठवड्यातून दोन संध्याकाळी असायचा. पडद्यावर चौकोनांमध्ये सात-आठ माणसं. कुणी नोकरीसाठी नागपुरात आलेला तमिळ बँकवाला, कुणी ठाण्यात सून होऊन आलेली मल्याळी मुलगी. मधल्या चौकोनात सर. दाढी कापलेली, चष्मा, मागे पुस्तकांची फळी आणि एका कुंडीत मनीप्लांट. वयाने माझ्याएवढेच असावेत. बोलणं सावकाश, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. कुणी चुकलं तर ते 'चूक' असं म्हणत नसत. म्हणत, "जवळ आलात." मला ते फारच शहाणपणाचं वाटायचं आणि त्याचाच राग यायचा.

क्लास नसेल त्या दिवशीही सर घरात असतच. एक ॲप होतं, त्यावर शब्द यायचे. बरोबर आलं की घंटी वाजून हिरवी खूण उमटायची. ऑनलाइन एक पान होतं, त्यावर सगळे विद्यार्थी आपापला परिच्छेद लिहीत आणि सर कडेला बारीक अक्षरांत शेरे देत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाजी मेसेज. ती दोन-चार वाक्यं बोलून पाठवायची आणि सर बोलून उत्तर द्यायचे. ती ते कानात इअरफोन घालून ऐकायची, पोळ्या लाटता लाटता. मी पाणी प्यायला आत गेलो की दिसायचं, लाटणं थांबलेलं, नजर भिंतीकडे, आणि ओठांवर हसू. तव्यावरची पोळी जळत असायची.

"क्या बोल रहे हैं?"

"मेरा ळ ठीक हो गया," ती म्हणाली. आणि मला म्हणून दाखवलं: "डोळा. शाळा. काळा. सकाळ."

खरंच झाला होता. आमच्या घरात हा ळ कधी आलाच नव्हता. आई डोया म्हणते, शाया म्हणते. मी हिंदी शाळेतून आलेला, त्यामुळे माझी जीभ ना इकडची ना तिकडची. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं, सकाळ. जमलं नाही.

मी काय करायचो, तर क्लासच्या वेळी बाहेरच्या खोलीत हिशेबाचे कागद घेऊन बसायचो. दार मध्ये. कागदावर नजर, कान दारापलीकडे. एका संध्याकाळी तिने सरांना विचारलं, "सर, नवऱ्याला तू म्हणायचं की तुम्ही?" माझा हात थांबला. पडद्यावरचे बाकीचे लोक हसले. सर म्हणाले, "आमच्याकडे आता बहुतेक जणी तू म्हणतात. पण तुमच्या घरी काय रीत आहे ते सासूबाईंना विचारून बघा."

क्लास संपल्यावर ती सरळ आईकडे गेली आणि विचारलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "नवऱ्याले तू म्हनते का वं कोनी? तुमी म्हन."

"पण सर म्हणाले की चालतं."

"सराची बायको म्हनत असन त्याईले. आपल्या इकडे तुमीच."

दोघींचं बराच वेळ चाललं. बोलणं माझ्याबद्दल होतं, आणि मी पाच पावलांवर होतो. मला कुणी विचारलं नाही की तुला काय आवडेल. आणि शेवटी तिने मला तू म्हटलं नाही आणि तुम्हीही म्हटलं नाही. माझ्याशी ती आधीसारखीच हिंदीत बोलत राहिली, तुम म्हणून.

लालबर्ऱ्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मांडवात मामी, मावश्या, तुमसर-भंडाऱ्याकडून आलेली सगळी मंडळी. बायकोने हिरवी साडी नेसली होती. मामीच्या पाया पडून ती म्हणाली, "मामी, तुम्हाला भेटून मला फार आनंद झाला. प्रवासात त्रास तर झाला नाही ना?"

मामीने तिचा हात धरूनच ठेवला. "आयका वं! कशी बोलते पाहा! टीवीतल्या बाईवानी." मग मावशी आली, मग मावशीच्या सुना. जो येईल तो तिच्याकडून एखादं वाक्य बोलवून घ्यायचा. तिच्या गालांवर लाली चढली होती. मी पंगतीत वाढायला उभा होतो, हातात बुंदीची बादली. मामीने मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अन तू रे? तुले तं अशी नाही येत बोलता. बायको पुढं गेली तुह्या!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची चव मला अजून आठवते, तोंडात कच्ची सुपारी राहिल्यासारखी.

परतताना मोटरसायकलवर ती माझ्या पाठीमागे एकसारखी बोलत होती. कोण काय म्हणालं, मावशीने साडीची घडी कशी घातली, मामी किती गोड. दोन्ही बाजूंना धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांध्या होत्या आणि कापणी झालेल्या शेतांत गुरं सोडलेली. मी एका खड्ड्याला वळसा घातला. मग म्हणालो, "वैसे यहाँ ऐसे कोई नहीं बोलता। वो सब किताबी है।"

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "तो तुम सिखा देते, जैसे यहाँ बोलते हैं।"

घर येईपर्यंत तो हात पुन्हा खांद्यावर आला नाही.

तिने ती गोष्टही सरांना विचारली. मला हे नंतर कळलं. सरांनी सांगितलं म्हणे, की घरातली बोली ही चूक नसते, तीही तितकीच मराठी आहे, आणि तुमच्या घरात तर ती बोलणारं माणूस बसलेलं आहे, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, आपण सगळे क्लासमध्ये ऐकू. म्हणजे मी जे तिला टोचायला बोललो होतो, त्याचा सरांनी धडा केला.

आता दुपारी ड्यूटीवरून आली की ती आईजवळ बसायची, मध्ये फोन. आईने आधी नाही-नाही म्हटलं. मग तिला गोडी लागली. धानाची रोपं लावायची रोवणी कशी करतात, मोहाची फुलं कशी वाळवतात, माहेरी पोळ्याला बैल कसे सजवत, सगळं सांगायला लागली. मी दुपारी जेवायला घरी आलो की दोघी थांबायच्या.

"काय सांगून राह्यली वं माय?" मी विचारायचो.

"काही नाही, इचं रेकाडिंग चालू हाये. तू जेव."

एका संध्याकाळी तर आई स्वतः क्लासला बसली. बायकोने तिला नवं लुगडं नेसवलं, पदर सारखा केला, फोन थोडा उंचावर ठेवला. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं होतं. दाराच्या फटीतून मला आईची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून चौकोनातले सर.

"नमस्कार काकू," सर म्हणाले.

"नमस्कार सर. जेवले का?"

"अजून नाही. क्लास झाला की जेवीन."

"भुके पेटी काहून शिकवता? खाऊन घ्याव आधी." पलीकडे हशा झाला. आईला धीर आला. "कोन्या गावचे तुमी? लगन झालं का नाही?"

"झालं काकू. दोन मुली आहेत. मोठी शाळेत जाते."

मी दाराशी उभा राहून वाट पाहिली की आता मला बरं वाटेल. लग्न झालेलं, दोन मुली. मला वाटत होतं, माझ्या मनात जे काय होतं तो नवऱ्याच्या मनात येतो तसलाच संशय होता. पण बरं वाटलं नाही. उलट आईचा आवाज ऐकून आणखीच जड झालं. माझ्याशी बोलताना वापरायची ते सगळे शब्द ती त्या माणसाला देऊन टाकत होती. तो एकेक शब्द विचारत होता, "काहून म्हणजे का, हो ना काकू?" आणि आई कौतुकाने म्हणत होती, "हौ, बरोबर."

ते ॲप मी दुकानात बसून माझ्या फोनवर घेतलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, पंखा घरघरतोय. मला वाटलं, घेऊन तर पाहू, माझी मातृभाषा आहे, दोन दिवसांत हिच्या पुढे जाईन. सुरुवातीला परीक्षा होती, तुमची पातळी ठरवणारी. लिहिण्याच्या प्रश्नांत माझे ऱ्हस्व-दीर्घ सगळे लाल झाले. 'मला पाणी पाहिजे' याच्या जागी मी लिहिलं, 'मले पानी पाह्यजे'. लाल. मग मोठ्याने वाचायचं होतं. मी फोन तोंडाजवळ धरून म्हणालो, "बाळ सकाळी शाळेत जातं." फोनने थोडा विचार केला आणि दाखवलं: पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा प्रयत्न करा. मी जोरात म्हणालो, "बाळ! शाळा! सकाळ!"

समोर पंपाचा फुट-व्हॉल्व्ह घ्यायला आलेला एक शेतकरी कधीचा उभा होता. त्याने मागे-पुढे पाहिलं आणि विचारलं, "भैया, किसको डाँट रहे हो?"

निकाल आला: प्राथमिक पातळी. खाली लिहिलं होतं, निराश होऊ नका, प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो. माझी बायको तेव्हा मध्यम पातळी संपवत आली होती.

मी ॲप काढून टाकलं नाही. हट्टाला पेटलो. रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी ळ म्हणायचा सराव करायचो. जीभ मागे न्यायची, टाळूला लावायची, सोडायची. हे मला त्या ॲपच्या चित्रांतून कळलं. हिला सर सांगत होते. मला एक हलणारी गुलाबी जीभ सांगत होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या ॲपला कुठली गोष्ट झाकून ठेवायची हे कळत नाही. ज्याचा नंबर फोनमध्ये आहे तो शिकायला लागला की ते बातमी देतं. एका रात्री जेवायला बसलो होतो. बायकोच्या फोनवर घंटी वाजली. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"तुम्हारी दुकान मराठी सीख रही है?"

मी ॲपला दुकानाचा नंबर दिला होता, आणि तो तिच्याकडे दुकानाच्याच नावाने होता. मी वरणात भात कालवत राहिलो. आईने विचारलं, काय झालं. बायकोने तिला मराठीत सांगितलं, स्वच्छ, ळ-बिळ सगळं जागच्या जागी. आई हसायला लागली. "काहून रे बाप्पा? तुले नाही येत का मराठी? मी कोन्या भाषेत वाढोलं तुले?"

दोघी हसत होत्या. चेष्टाच होती ती, आणि प्रेमाची होती. पण मला ती त्या दिवशी सोसली नाही.

"हँसो," मी म्हणालो. "तुम सर से बोलती हो, माँ से बोलती हो, मामी से बोलती हो, पूरे लालबर्रा से बोलती हो। मुझसे एक लाइन बोली आज तक? एक?"

आई हसायची थांबली. तिला शब्द सगळे कळले नसतील, पण आवाज कळला. ती आपलं ताट उचलून आत गेली. बायको तशीच बसून राहिली. मला वाटलं आता रडेल नाहीतर भांडेल. तिने दोन्ही केलं नाही. तिने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "तुमको पता है, मराठी बोलते समय मेरे दिमाग में क्या चलता है?"

मी हातातला घास खाली ठेवला.

"हर वाक्य से पहले सोचती हूँ। ये चीज़ तो है, ती है, कि ते है। झाला, झाली, कि झालं। तुम्हारी माँ के सामने, मामी के सामने, सबके सामने। अस्पताल में दवाई के नाम सोचो, घर में मराठी सोचो। एक आदमी तो हो जिसके सामने सोचना ना पड़े।"

मी तिच्याकडे पाहिलं. इतके महिने मी समजत होतो की सगळ्यांना चांगला वाटा मिळतोय आणि मला उरलेलं. ती म्हणत होती ते अगदी उलट होतं. मला ते पटलं. पण पटलं म्हणून हेवा लगेच जातो असं नाही. मी म्हणालो, "फिर भी। एक लाइन।"

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "तुमी लय तरास देऊन राह्यले मले."

ते पुस्तकी वाक्य नव्हतं. आईचं होतं, तुमसरचं, जसंच्या तसं. आतून आईचा खोकल्यासारखा आवाज आला. ती ऐकतच होती.

त्यानंतर एक संध्याकाळ आम्ही ठरवून फक्त मराठीत बोलायचं म्हणून बसलो. ती म्हणाली, "आपण चहा घेणार का?" मी म्हणालो, "हो, घेऊ." ती म्हणाली, "साखर किती?" लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि ती मला साखर किती विचारत होती, जणू मी मोटर बघायला आलेला मिस्त्री. चहा संपेपर्यंत आम्ही पाहुण्यांसारखे बसलो आणि मग दोघांनीही ते सोडून दिलं. लिहायला मात्र मी शिकत राहिलो. ॲपवरून आधी, आणि नंतर तिच्या जुन्या वह्यांवरून. आज हे सगळं लिहितोय ते त्यातूनच. चुका असतील.

त्या उन्हाळ्यात सर खरोखरचे आले. बायको-मुलींना घेऊन कान्हाला जंगल बघायला निघाले होते. गोंदियाहून गाडीने बालाघाट, मग इथून बैहरच्या रस्त्याने पुढे. वाटेत दुपारचं जेवण आमच्याकडे करायचं ठरलं. बायकोने दोन दिवस घर पुसलं. पडदे धुतले. आईने वडा-भात करायचा म्हणून डाळी भिजवल्या. मी स्टेशनवर घ्यायला गेलो. मनात म्हणत होतो, येऊ दे, एकदा समोरासमोर पाहू दे.

सर उंचीने माझ्या खांद्याला लागत होते. पडद्यावर कुणाची उंची दिसत नाही. उन्हाने चेहरा लाल झालेला, धाकटी मुलगी कडेवर झोपलेली, हातात दोन पिशव्या. मला पाहून ते म्हणाले, "तुम्ही त्यांचे मिस्टर ना?" आणि एक पिशवी माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर जे झालं ते मी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. माझी बायको आणि सर, दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. पडद्यावर तासतासभर बोलणारी ही दोन माणसं. ती म्हणाली, "प्रवास कसा झाला?" ते म्हणाले, "चांगला झाला." ती पाणी आणायला गेली. परत आली. "ऊन खूप आहे ना?" "हो, फारच." सर पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सरांच्या बायकोने दोन-तीनदा विषय काढून पाहिला, आणि मग ती मुलींना घेऊन आईकडे स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथून थोड्याच वेळात हसण्याचे आवाज यायला लागले. बैठकीत मात्र पंख्याचाच आवाज.

शेवटी सरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचं पंपांचं दुकान आहे ना? मला एक विचारायचं होतं. गावी वडिलांच्या विहिरीवरची मोटर सारखी जळते."

"किती फेजची आहे?" मी विचारलं.

आणि मग सर जे सुरू झाले. गावची वीज, कमी दाब, तिथल्या मिस्त्रीने दोनदा वाइंडिंग केलं तरी टिकत नाही, वडील ऐकत नाहीत, स्टार्टर बदलायचा की मोटरच. बोलताना त्यांची ती धुतलेली मराठी कुठल्या कुठे गेली. त्यांच्या गावाकडचं काहीतरी बाहेर यायला लागलं, 'आमचा म्हातारा लई हट्टी हाय,' असं. मी कागद घेऊन त्यांना स्टार्टरची जोडणी काढून दाखवली. जेवतानाही आमचं तेच. माझ्या ताटात आईने तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मनापासून बोलतोय, आणि त्या माणसाशी मराठीत बोलताना मला एकदाही जिभेकडे लक्ष द्यावं लागलेलं नाही.

बायको वाढत होती. दोनदा ती आमच्या मध्ये काही बोलायला थांबली आणि काही न बोलता पुढे गेली.

त्यांना बैहरच्या गाडीत बसवून मी परत आलो तर ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. खरं तर भांडी घासायला बाई येते. मी म्हणालो, "बाई आएगी ना शाम को।" तिने मान वर केली नाही.

"तुमने तो पूरा अपना बना लिया उनको।"

"अरे, वो मोटर का पूछ रहे थे।"

"मुझसे चार बातें नहीं हुईं," ती म्हणाली. "कितना सोचा था मैंने, ये पूछूँगी, वो बताऊँगी। सब मराठी में तैयार था। क्लास वाले सर कोई और ही थे।"

मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो आणि घासलेली भांडी विसळायला घेतली. मला वाईट वाटत होतं, खरंच. ज्या माणसाचा मी वर्षभर हेवा केला त्याच्याशी तिचं जमलं नाही म्हणून मला वाईट वाटावं, हे विचित्रच. आणि त्यासोबत, अगदी बारीक, थोडं बरंही वाटत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या क्लासला सर पुन्हा चौकोनात होते, मागे पुस्तकं आणि मनीप्लांट, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी हसून बोलत होती. तिथे त्यांचं छान जमतं. आता तिची वरची पातळीही संपली आहे, पण कधीमधी आवाजी मेसेज येतातच. माझ्याही फोनवर येतात. मोटर आता जळत नाही, पण त्यांच्या वडिलांनी ठिबक सिंचनाचं काढलं आहे, आणि सरांना त्यातलं काही कळत नाही. त्यांचा फोन आला की बायको हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभी राहते. मी फोन ठेवला की विचारते, "क्या बोले सर?"

"पाइप का पूछ रहे थे," मी म्हणतो.

"इतनी देर?"

"हाँ। लंबा पाइप है।"